तुम्ही विचारलंत म्हणून: आधी कम्युनिटी कॉलेज की थेट चार वर्षांचं?

इथे कॅलिफोर्नियात आमच्या मंडळाच्या गणपतीत आरती संपून प्रसादाची रांग लागली की कोणीतरी मला हळूच बाजूला घेतं. "तुमचा मुलगा कम्युनिटी कॉलेजमधून डेव्हिसला गेला ना? आमच्या मुलीला यूसी मिळालं नाही. दुसरं एक चार वर्षांचं कॉलेज मिळतंय. तिथं घालून वर्षभरात ट्रान्सफर घ्यावी, की तुमच्यासारखं करावं?" आवाज असा, की घरातलं दुखणंच विचारतायत. यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, डेव्हिस तिचाच एक कॅम्पस. आणि कम्युनिटी कॉलेज म्हणजे पहिल्या दोन वर्षांचं सरकारी कॉलेज.

शेवटी यूसीलाच जायचं असेल, तर कम्युनिटी कॉलेज. पाय ठेवायचा तो निघण्यासाठीच, असा चार वर्षांच्या कॉलेजचा बेत मला पटत नाही. एक तर 'वर्षभरात' हे गणितच चुकतं. यूसी ट्रान्सफरवाल्यांना बहुतेक करून तिसऱ्या वर्षातच घेतं, म्हणजे आधी सेमिस्टरची 60 युनिट्स, म्हणजे क्रेडिट्स, झालेली हवीत. आणि रांगेत पहिला नंबर कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांचा. इतर कॉलेजांतून येणारे त्यांच्या मागे. हे आजचं नाही. राज्याच्या उच्चशिक्षणाच्या 1960 च्या मास्टर प्लॅनमध्येच ठरलं होतं, की हायस्कूलची वरची साडेबारा टक्के मुलं यूसीत, वरची तेहतीस टक्के स्टेट कॉलेजांत, बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेजचं दार उघडं आणि तिथून वर जायला जिना.

आमच्या यांनी सांगलीत दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयरला ॲडमिशन घेतली होती. बारावीवाले त्यांना 'डिप्लोमावाला' म्हणायचे, आणि वर्कशॉपमध्ये अडले की त्यांच्याकडेच यायचे. त्यामुळे या जिन्याची आमच्या घरात कोणाला लाज नव्हती. लाज मंडळात वाटते, तीही इतरांना.

पैशांचं सांगायचं तर कम्युनिटी कॉलेजात इथल्या रहिवाशांना युनिटला 46 डॉलर. 60 युनिट्सचे 2,760, पुस्तकं वेगळी. यूसीची नुसती ट्यूशन आणि फीच वर्षाला 14,000 च्या वर, राहण्या-जेवण्याचा खर्च त्याहून जास्त. वाचलेल्या पैशांतले बरेचसे मुलाच्या जुन्या करोला गाडीने खाल्ले, ते सोडा.

आता आमची चूक. मुलाला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं होतं. पहिल्या वर्षी त्याने फिजिक्स घेतलं, वेळ सोयीची होती म्हणून. ते निघालं कॅलक्युलस नसलेलं. नाव फिजिक्सच, युनिट्सही मिळाली, पण इंजिनिअरिंगसाठी उपयोग शून्य. काउन्सेलरने मान डोलावली होती, आम्ही विश्वास ठेवला. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा फिजिक्स. म्हणून सांगते, असिस्ट नावाची सरकारी साइट आहे. तिथं आपलं कॉलेज, जायचं ते कॉलेज आणि मेजर, म्हणजे मुख्य विषय, टाकला की कुठल्या कोर्सच्या बदल्यात कुठला कोर्स धरतात ते कळतं. नाव नोंदवण्याआधी बघा. आणि सप्टेंबर विसरू नका. यूसीच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ इथे टॅग असतो, म्हणजे अटी पुऱ्या केल्या की प्रवेशाची हमी. त्याचा अर्ज सप्टेंबरातच भरायचा, तोही एकाच ठिकाणी, आणि टॅग प्रत्येक मेजरला मिळत नाही. बर्कली आणि यूसीएलएला तर टॅग नाहीच.

पण तुमची मुलगी जिथं मिळालंय तिथंच चारही वर्षं आनंदानं काढेल असं वाटत असेल, आणि ते स्कॉलरशिप देत असतील, तर पाठवा. फ्रेशमनला, म्हणजे पहिल्या वर्षाला, देऊ केलेली स्कॉलरशिप दोन वर्षं वाट बघत थांबत नाही. आणि मेजरचा अजून पत्ताच नसेल, तर कम्युनिटी कॉलेजात मुलं तीन-तीन, चार-चार वर्षं रेंगाळतात, हेही पाहिलंय मी.

आणखी एक, जे रांगेत उभ्या-उभ्या सांगता येत नाही. त्या सप्टेंबरात त्याचे मित्र सामान बांधून सॅन डिएगो, सँटा बार्बराला गेले. हा त्याच खोलीत, त्याच पलंगावर, आणि दारात "जेवलास का?" विचारणारी मी. कॉलेजला हॉस्टेल नाही. वर्ग संपला की जो तो आपल्या गाडीकडे किंवा कामावर. पहिले काही महिने तो फार गप्प होता. तिसऱ्या वर्षाला डेव्हिसला गेला, तर तिथं सगळ्यांचे गट, घरं, रूममेट आधीच ठरलेले. दर शुक्रवारी कॅपिटॉल कॉरिडॉरच्या ट्रेनने फ्रीमाँटला घरी यायचा, रविवारी डबे घेऊन परत.

डिसेंबरनंतर यायचा थांबला. शुक्रवारी मी मात्र सवयीने भात जास्तच लावत होते.