तिसऱ्या क्रमांकावरचा माणूस

३१ मे २०२५ च्या सकाळी ब्रिटनचा सायकलपटू सायमन येट्स 'जिरो द'इतालिया', म्हणजे इटलीतली तीन आठवड्यांची सायकल शर्यत, जिंकेल का, असे कोणी विचारले असते, तर मी नाही म्हटले असते आणि वर कारणेही दिली असती. एकवीसपैकी एकोणीस टप्पे संपले होते. मेक्सिकोचा एकवीस वर्षांचा इसाक देल तोरो गुलाबी जर्सीत, म्हणजे सर्व टप्प्यांच्या एकूण वेळेत पहिला होता, इक्वेडोरचा रिचर्ड कारापास त्याच्यापेक्षा ४३ सेकंद मागे होता आणि येट्स १ मिनिट २१ सेकंदांनी तिसरा होता. आदल्याच दिवशी या दोघांनी त्याला चढावर मागे टाकले होते, आणि तोवरच्या तीन आठवड्यांत त्याने एकही टप्पा जिंकला नव्हता. रोममधला शेवटचा टप्पा सपाट, जवळपास मिरवणुकीसारखाच असल्यामुळे जे काही व्हायचे ते वेरेस ते सेस्त्रिएरे या २०५ किलोमीटरांतच होणार होते.

त्या २०५ किलोमीटरांत 'कोल्ले देल्ले फिनेस्त्रे' हा घाट होता. साडेअठरा किलोमीटरांचा चढ, सरासरी ९ टक्क्यांहून अधिक, माथा २१७८ मीटरांवर, आणि शेवटचे सुमारे आठ किलोमीटर डांबर नसलेला, खडी-मातीचा रस्ता. अशा रस्त्यावर पेडलवर उभे राहून जोर लावला, तर मागचे चाक जागच्या जागी सरकते आणि लावलेली ताकद मातीत जाते. म्हणून सीटवर बसूनच, खांदे न हलवता चढावे लागते.

याच घाटाने २०१८ साली येट्सला उद्ध्वस्त केले होते. त्या वर्षी तो तेरा दिवस गुलाबी जर्सीत होता, तीन टप्पे त्याच्या नावावर होते, आणि एकोणिसाव्या टप्प्यावर फिनेस्त्रे चढताना त्याचे पायच बंद पडले. दिवसअखेर त्याने ३८ मिनिटांहून अधिक वेळ गमावला होता. ख्रिस फ्रूमने तिथूनच सुमारे ८० किलोमीटर एकट्याने मारले आणि शर्यत जिंकली. येट्सने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्पेनची 'व्हुएल्ता' जिंकली खरी, पण त्याचे नाव निघाले की लोकांना आठवायचा तो फिनेस्त्रेच.

२०१८ च्या त्या दिवसाकडे आपण केवळ फ्रूमचा पराक्रम म्हणून पाहतो, हे मला अपुरे वाटते. माथ्यावर त्याची आघाडी मिनिटभराचीही नव्हती. ती वाढली पलीकडच्या खोऱ्यात. त्याचा पाठलाग करणाऱ्या टॉम ड्यूमोलँने आळीपाळीने पुढे राहून वारा अडवायला मदत मिळावी म्हणून थिबो पिनो आणि त्याच्या संघसहकाऱ्याची वाट पाहिली, आणि त्याच गटातले दोन तरुण पांढऱ्या, म्हणजे सर्वोत्तम तरुण स्पर्धकाच्या जर्सीच्या चढाओढीत एकमेकांवर डोळा ठेवून मागे बसून राहिले. त्यांतला एक मिगेल आंखेल लोपेझ आणि दुसरा रिचर्ड कारापास.

पुढच्याच वर्षी असे एकमेकांवर डोळा ठेवून बसण्याचा फायदा कारापासला मिळाला. २०१९ च्या जिरोत कुर्मायरच्या टप्प्यावर रोग्लिच आणि निबाली हे दोन मोठे मोहरे एकमेकांना सोडायला तयार नव्हते. कारापास निसटला, गुलाबी जर्सी घेतली आणि ती थेट शेवटपर्यंत टिकवली. म्हणजे दोघे एकमेकांकडे पाहत बसले की तिसऱ्याचे काय होते, हे त्या सकाळी शर्यतीत कोणाला नीट ठाऊक असेल, तर ते कारापासलाच.

आणि तरीही घडले ते असे. घाटाच्या पायथ्यालाच कारापासने जोरदार हल्ला चढवला, देल तोरो त्याच्या चाकाला चिकटला. येट्स मात्र आपल्या गतीने चढत त्यांना येऊन मिळाला, पुन्हा पुन्हा निसटू लागला आणि अखेर सुटला. कारापास देल तोरोकडे पाहत होता, कारण जर्सी ज्याच्या अंगावर आहे त्याने पाठलाग करावा, असा या खेळातला अलिखित संकेत आहे. देल तोरो कारापासकडे पाहत होता, कारण त्याला ओढत नेले तर तोच शेवटी हल्ला करील, अशी रास्त भीती त्याला होती. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ उलटून गेली होती; मी पडद्याकडे पाहून दोघांनाही मोठ्याने बोल लावत होतो, आणि घरच्यांना माझे काहीतरी बिनसले असावे, असे वाटले.

माथ्यावर येट्सची आघाडी दीड मिनिटाच्या आसपास होती. एवढीच राहिली असती, तर पलीकडच्या सौम्य चढाच्या, वाऱ्याच्या रस्त्यावर ती एकट्या माणसाला टिकवणे अवघड होते. वाऱ्याविरुद्ध कोणाच्या चाकामागे आणि मग एकट्याने, असे पाच किलोमीटर ज्याने चालवून पाहिले आहेत, त्याला हा फरक मांड्यांत कळतो. पण येट्सच्या संघाने आपला वाऊट वान आर्ट सकाळीच पुढच्या गटात पाठवून ठेवला होता. उतार संपल्यावर तो येट्ससाठी थांबला आणि त्याला आडोसा देत खोऱ्यातून ओढत घेऊन गेला. मागे दोघांची कुरबूर चालूच होती. सेस्त्रिएरेला टप्पा जिंकला क्रिस हार्परने, पण येट्सने त्या दोघांवर पाच मिनिटांहून अधिक वेळ मिळवला होता, आणि त्याबरोबर गुलाबी जर्सीही.

शर्यतीनंतर कारापासने दोष देल तोरोला दिला. मला ते पटत नाही. देल तोरो एकवीस वर्षांचा होता, अशा प्रसंगातून पहिल्यांदाच जात होता, आणि निदान त्याचे दुसरे स्थान तरी राहिले. कारापास त्या सकाळी दुसरा होता. पाठलागात वाटा न उचलता त्याने ताकद वाचवली आणि रोमला तिसरा पोचला, येट्सपेक्षा ४ मिनिटे ४३ सेकंद मागे.

'दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ' ही म्हण इथे लागू पडते, पण ती एक गोष्ट गाळते: तिसऱ्याच्या पायांत ते साडेअठरा किलोमीटर असावे लागतात. मार्ग जाहीर झाला तेव्हापासून फिनेस्त्रे आपल्या डोक्यात होता, असे येट्सने नंतर सांगितले. सेकंदांच्या तक्त्यात हे दिसण्याची सोय नव्हती. वान आर्ट कुठे असेल हेही नाही, आणि कारापासला देल तोरोचा किती राग येईल हे तर नाहीच.

सेस्त्रिएरेच्या रेषेपलीकडे येट्स रडत होता. त्याचा जुळा भाऊ ॲडम याच शर्यतीत होता, देल तोरोच्या संघात.