तुझी खारी, माझा भात

दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर बायको तांदळाच्या डब्यात हात घालून काहीतरी कालवत होती. पांढऱ्यात लाल उकडा तांदूळ.

"अहो, मूठभरच वाढवलाय. इतके दिवस तुम्हाला कळलं तरी का?"

कळलं नव्हतं, हेच तर लागलं मनाला.

खाणं हळूहळू सुधारायचं, हे दोघांनी मिळूनच ठरवलेलं. पण मिळून ठरवलं तरी प्रत्येकाला आधी समोरच्याचंच ताट दिसतं. मला तिची चहाबरोबरची खारी खुपते, तिला माझा भाताचा डोंगर. साखर तेवढी विनातक्रार गेली, कारण तिचा सोस दोघांनाही नव्हता. नाचणीची भाकरी मला मुळातच आवडते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, हे ती पुन्हा सांगू लागली की मी मुकाट्याने दुसरी भाकरी घेतो.

भाताचं दुखणं जुनं आहे. वेंगुर्ल्याला आजीकडे सकाळी चहा-पोहे नव्हतेच, पेज असायची. उकड्या तांदळाची, वर मीठ, बाजूला चुलीत भाजलेला सुका बांगडा. "पेज खाल्ल्याशिवाय खंय चाललस?" म्हणून आजी उंबऱ्यातच अडवायची. सालासकटचं भात मोठ्या टोपात उकडायचं, खळ्यात वाळवायचं, मग व्हायनात, म्हणजे उखळात, मुसळाने सडायचं. सुरय, म्हणजे न उकडलेला पांढरा तांदूळ, शिजायचा तो पाहुण्यांना. मुंबईहून चाकरमानी आला, की आम्ही पोरं काहीतरी निमित्त काढून त्याच्या पंगतीला घुसायचो. पांढराशुभ्र, मऊ, वाफाळणारा भात! अशी चटक लागलेल्या जिभेला आता कोंड्याचं महत्त्व कोण पटवणार?

बायको पटवते. १८९० च्या दशकात जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरला पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडलेले दिसले. कोंडा मिळाला की त्या सुधारत. त्यातूनच पुढे ब१ जीवनसत्त्वाची वाट सापडली आणि १९२९ साली त्याला विभागून नोबेल मिळालं. धान उकडलं की हेच जीवनसत्त्व कोंड्यातून दाण्यात उतरतं, म्हणून उकडा कांडला तरी सगळं जात नाही. हे सगळं तिने मला वाचून दाखवलं.

"मी कोंबडी नाही," मी म्हटलं.

पेजेला उकड्यासारखा तांदूळ नाही, हे मीही मान्य करतो. पण बांगड्याच्या आमटीशी त्याचं जमत नाही. जाड दाणा आमटी पीतच नाही, ती ताटाच्या कडेला पळते आणि मी बोटांनी तिच्यामागे. सुरय कसा निमूट भिजतो! शेवटी तह झाला. मासे असतील तेव्हा सुरय, एरवी तिची मूठ. तहात खारीचा उल्लेख नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

परवा तिने हळूच विचारलं, यंदा मोदकांना लाल तांदळाची पिठी घेऊन बघूया का. मी वर्तमानपत्र जरा उंच धरलं. चतुर्थीला अजून वेळ आहे.