इन्फ्लेमेबल

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज पुन्हा तोच शब्द समोर आला आणि झोप उडाली.

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, पोरांना इंग्रजी शिकवायला लागून मला २२ वर्षं झाली. बिहार, यूपी, ओडिशाची पोरं, कुणी दाहोदकडचं, फर्स्ट शिफ्ट सुटली की आंघोळ करून थेट वर्गात. बाजारात गुजराती, वर्गात हिंदी, फळ्यावर इंग्रजी आणि घरी आल्यावर मराठी, दांडिया बाजारात वाढलेल्या मला त्याचं कधी काही वाटलं नाही. सयाजीरावांनी १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा, म्हणून माझी पणजी शाळेत गेली, त्याआधी आमच्या घरात बाईला अक्षर येत नव्हतं. तिशीतला माणूस बी आणि डीमधला फरक बोटाने गिरवत बसतो तेव्हा मला हटकून पणजी आठवते.

तर तो शब्द. सुरुवातीच्या वर्षांत मी फार हौसेने नियम शिकवायचे. 'इन' लागलं की अर्थ उलटा: कम्प्लीट-इनकम्प्लीट, व्हिजिबल-इनव्हिजिबल. पोरांना पटापट जमलं, मी खूश. मग एक हेल्पर, सिवानचा, वर्ग संपल्यावर थांबून म्हणाला, मॅडम, टँकर पे 'हाइली इन्फ्लेमेबल' लिखा है, मतलब आग नहीं पकड़ता ना?

माझे हातपाय गार पडले. तो रोज सॉल्व्हंटच्या ड्रमजवळ उभा राहायचा. नियम मीच शिकवला होता आणि त्याने तो बरोबरच लावला होता!

इंग्रजीत फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल दोन्हीचा अर्थ एकच, पेट घेणारं. त्यातलं 'इन' लॅटिनमधून आलंय, त्याचा नकाराशी संबंध नाही. अमेरिकेत आगीपासून बचावाचं काम करणाऱ्यांनी गेल्या शतकात याच घोळापायी मुद्दाम फ्लेमेबल लिहायचा आग्रह धरला. हे मला तेव्हा माहीतच नव्हतं, त्या रात्री डिक्शनरी उघडून बसले तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की माझं चुकलं.

तेव्हापासून ए फॉर ॲपल बंद. पहिल्या दिवशी मी पाट्यांचे फोटो दाखवते. ज्वाळेचं चित्र असलेला लाल चौकोन. टँकरमागच्या धोक्याच्या पाटीवरचा नंबर, १२०३ म्हणजे पेट्रोल. 'डू नॉट ऑपरेट'. माय नेम इज नंतर येतं. इंटरव्ह्यूचं इंग्रजी का नाही शिकवत म्हणून काही पोरं सोडून गेली, त्यांचंही चूक नाही, पगार त्यानेच वाढतो. पण मला हेच आधी शिकवायचंय.

आज संध्याकाळी नंदेसरीत नव्याने लागलेल्या एका पोराने सिलिंडरचा फोटो पाठवला, हिरवा चौकोन, खाली 'नॉन-फ्लेमेबल गॅस'. मेसेज: मॅडम, इसमें नॉन सच में नॉन है न?

मी मेसेज न करता फोनच लावला. म्हटलं हो, हा नॉन खरंच नॉन आहे, पण त्यावर नाव काय लिहिलंय ते वाच. एकेक अक्षर लावत वाचलं त्याने, नायट्रोजन. सेफ है फिर, म्हणाला. म्हटलं नाही रे बाळा, पेटत नाही, पण बंद खोलीत गळला तर हवेतला ऑक्सिजन कमी होतो, वास येत नाही, माणूस कळायच्या आत खाली पडतो. तो गप्प झाला. मग विचारलं, ये कहाँ लिखा है?

मी फोटो मोठा करकरून शोधतेय, मला तरी अजून सापडलेलं नाही. उद्या त्याला सिलिंडरची मागची बाजू दाखवायला सांगते.