चिकूचं घड्याळ

चिकू चौदाचा आहे, ऑटिस्टिक आहे, आणि त्याला त्रास होतोय का हे त्याच्या चेहऱ्यावरून मला, आई असूनसुद्धा, कित्येकदा कळत नाही. अनंत चतुर्दशीला इंदूरच्या राजवाड्याकडे झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले फिरते देखावे, बघायला गेलो होतो, कापड मिलच्या झांक्या, पुढे आखाडे, ढोल, डीजे, आणि हा एकदम शांत उभा, सासूबाई म्हणाल्या, "अगं बघ, किती रमलाय!" मी सहज त्याच्या स्मार्टवॉचकडे बघितलं तर हार्टरेट 134, तेही नुसतं उभ्या उभ्या! तशीच त्याला घेऊन गल्लीत शिरले, एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसलो, त्याने माझा दंड गच्च धरलेला. वीसेक मिनिटांनी आकडा 90च्या आसपास आला तेव्हा कुठे बोलला, "घर."

त्या दिवसापासून मी यावर वाचत सुटलेय. आपल्या साध्या घड्याळात हिरवा लाइट असतो, तो कातडीखालच्या रक्ताच्या हालचालीवरून ठोके मोजतो. रिसर्चवाले बँड घामही पकडतात, कारण ताण आला की घामाच्या ग्रंथी आपोआप कामाला लागतात आणि कातडीतून वीज जास्त सहज जाते. अमेरिकेत मॅथ्यू गुडविन या संशोधकाच्या टीमने 20 ऑटिस्टिक मुलांना असा बँड घातला, 2019 मध्ये पेपर आला, आधीच्या तीन मिनिटांच्या डेटावरून पुढच्या एका मिनिटात मूल अंगावर धावून जाईल का याचा अंदाज बांधायचा. अंदाज चुकायचेही, पण प्रत्येक मुलाचा स्वतःचा डेटा वापरला की जास्त बरोबर यायचे. एक मिनिट खूप असतं हो, तेवढ्यात मिक्सर बंद करता येतो, पाहुण्यांना बाहेरच्या खोलीत नेता येतं.

पण आकड्याला आनंद आणि घाबरणं यातला फरक कळत नाही. झोक्यावर खिदळताना पण चिकूचे ठोके तेवढेच जातात, आणि मे महिन्यात घाम तर सगळ्यांनाच येतो. शिवाय पट्टा! रबरी पट्टा त्याने तीनदा भिरकावला, मग मऊ कापडी लावला, व्हायब्रेशन बंद केलं, आणि नको म्हणाला की काढायचं हे घरात ठरलंय.

शाळेत सांगितलं तर मॅडम म्हणाल्या, आम्हाला आकडा दिसू द्या, वाढला की त्याला वर्गाबाहेर बसवू. मला फार लागलं ते. त्याचा बाक बरोब्बर घंटेजवळच्या खिडकीशी आहे, तो हलवा एवढंच मी मागितलंय. सोमवारी परत जातेय.