बाहुलीनाट्य महोत्सवांचा शोध : माझा अनुभव

बाहुलीनाट्याचे महोत्सव अनेक देशांत भरतात, पण त्या सर्वांची एकत्र, भरवशाची आणि वेळच्या वेळी दुरुस्त होणारी यादी मला कुठेही मिळाली नाही. ज्या याद्या हाती आल्या त्यांत बंद पडलेले महोत्सव आणि उलटून गेलेल्या तारखा सर्रास होत्या. त्यामुळे मी याद्या बाजूला ठेवल्या आणि आपल्याला नेमक्या कोणत्या बाहुल्या पाहायच्या आहेत, हे आधी ठरवले. मला हातमोजा-बाहुल्यांची विशेष ओढ आहे. त्यांत दोरा नसतो, काठी नसते. कलावंताच्या बोटांवर आणि मनगटावर अख्खे पात्र उभे राहते. केरळमधील पावकथकळी आणि तैवानमधील पोतेही हे बाहुल्यांचे खेळ, तसेच इटलीतील नेपल्सचा पुल्चिनेल्ला, फ्रान्समधील लिऑनचा गिन्योल आणि पुल्चिनेल्लावरूनच घडलेला इंग्लंडचा पंच ही विनोदी पात्रे, ही सारी याच घराण्यातली मंडळी आहेत. एवढी निवड झाल्यावर कोणत्या देशांत आणि कोणत्या कलावंतांच्या मागावर जायचे, हे पुष्कळसे स्पष्ट झाले.

पहिला खरा आधार मिळाला तो युनिमा या संस्थेचा. १९२९ साली प्राग येथे स्थापन झालेली ही बाहुलीनाट्याची आंतरराष्ट्रीय संघटना असून अनेक देशांत तिची राष्ट्रीय केंद्रे आहेत. आपल्या देशात होऊ घातलेल्या महोत्सवांची माहिती या केंद्रांकडे लवकर पोहोचते, कारण ते भरवणारे लोक बहुधा त्यांच्या सभासदांपैकीच असतात. संघटनेचा बाहुलीकलेचा विश्वकोश इंटरनेटवर वाचता येतो आणि त्यातील देशवार नोंदींतून कलावंतांची व महोत्सवांची नावे हाती लागतात. त्या नोंदी वाचण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या आणि त्या मला अतिशय आनंदाच्या वाटल्या.

नावे मिळाल्यावर प्रश्न येतो तो काळाचा. यातील बरेच मोठे महोत्सव दरवर्षी भरतच नाहीत. फ्रान्समधील शार्लव्हील-मेझिएर येथे १९६१ साली सुरू झालेला जागतिक महोत्सव पूर्वी तीन वर्षांनी भरत असे. २००९ पासून तो दोन वर्षांनी, विषम वर्षी, सप्टेंबरच्या उत्तरार्धात भरतो. अमेरिकेतील बाहुलीकारांची राष्ट्रीय संघटना विषम वर्षी राष्ट्रीय महोत्सव भरवते आणि सम वर्षी प्रादेशिक. युनिमाचे जागतिक अधिवेशन आणि त्याला जोडून होणारा महोत्सव चार वर्षांनी येतो. २०२० साली बाली येथे ठरलेले अधिवेशन महासाथीमुळे २०२१ मध्ये ऑनलाइन झाले, आणि पुढचे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील चुन्चॉन येथे भरले. शिकागोचा जानेवारीतील महोत्सव २०१५ साली सुरू झाला तेव्हा वर्षाआड भरत होता, २०२२ पासून तो दरवर्षी भरतो. म्हणून मी प्रत्येक नावासमोर तारीख लिहिण्याऐवजी ‘विषम वर्ष, सप्टेंबर’ अशी नोंद ठेवू लागलो. तारखा बदलतात, हा क्रम सहसा टिकतो, आणि तो ठाऊक असला की पुढची आवृत्ती जाहीर होण्याआधीच रजेचा आणि पैशांचा विचार करता येतो.

तरीही या मार्गाने हाती लागतात ते मुख्यतः मोठे महोत्सव. लहान मेळावे मला सापडले ते कलावंतांच्या दौऱ्यांवरून. आवडत्या मंडळींचे प्रयोगांचे वेळापत्रक पाहायचे, त्यात अनोळखी गावाचे नाव आले की तिथे कोणी बोलावले आहे हे शोधायचे, मग त्या आयोजकांचा संपूर्ण कार्यक्रम वाचून त्यातील इतर मंडळींची वेळापत्रके उघडायची, अशी ही साखळी आहे. तिच्यात वेळ जातो, पण मला दुसरी कोणतीही पद्धत इतकी फलदायी वाटली नाही. पंचच्या खेळांचा माग काढताना लंडनमधील कोव्हेंट गार्डनचा मे महिन्यातील मेळावा सापडला तो असाच. इंग्रज रोजनिशीकार सॅम्युअल पेपिसने ९ मे १६६२ रोजी तिथे इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिल्याचे आपल्या रोजनिशीत नोंदवले. ती पंचची इंग्लंडमधील पहिली नोंद मानली जाते, आणि तिच्या स्मरणार्थ दरवर्षी मेच्या दुसऱ्या रविवारी पंचचे खेळ करणारे कलावंत तिथे एकत्र जमतात.

कोणत्या महोत्सवाला जायचे हे ठरवताना मी त्याच्या प्रसिद्धीपेक्षा स्वभावाकडे अधिक पाहिले. चेक प्रजासत्ताकातील क्रुडिम येथे १९५१ पासून चालत आलेला महोत्सव हौशी मंडळींचा आहे, आणि त्याच गावात बाहुल्यांचे संग्रहालयही आहे. जपानमधील ईदा येथे १९७९ पासून दर ऑगस्टमध्ये सारे शहरच रंगमंच होते. प्रेक्षक आणि कलावंत दोघेही तिथे सहभागाचा एकच बिल्ला विकत घेऊन लावतात. प्रेक्षक व कलावंत यांना असे एका पातळीवर ठेवणारी व्यवस्था मला मनापासून आवडते. शार्लव्हीलला मात्र प्रचंड विविधता मिळते आणि मुख्य कार्यक्रमाबाहेर रस्त्यांवर व अंगणांत होणारे खेळही पाहता येतात.

तिकिटांची बाब विशेष लक्ष देण्याजोगी आहे. बाहुली लहान असते, तिची मान वळलेली शेवटच्या रांगेलाही दिसली पाहिजे, म्हणून अनेक प्रयोग मुद्दाम मोजक्याच प्रेक्षकांसाठी ठेवलेले असतात आणि त्यांची तिकिटे विक्री सुरू होताच संपतात. म्हणून विक्रीचा दिवस मी महोत्सवाच्या तारखेपेक्षाही ठळकपणे टिपून ठेवतो. कार्यक्रमपत्रिका वाचताना प्रत्येक प्रयोगाची भाषा, तो शब्दांविना आहे का आणि कोणत्या वयासाठी आहे, हे तपासतो. केवळ मोठ्यांसाठी केलेले बाहुलीनाट्य या महोत्सवांत भरपूर असते. महोत्सवाचे गाव लहान असेल तर राहण्याची जागा तिकिटांच्याही आधी पाहावी लागते. ती मिळाली की मी पहिल्यांदा हातमोजा-बाहुल्यांचे प्रयोग निवडतो आणि उरलेल्या वेळा मला अजिबात परिचित नसलेल्या मंडळींसाठी मोकळ्या ठेवतो.