पासष्टच्या जागी पंच्याऐंशी

"इंजिन तेवढं बदला, बाकी विमानाला हात लावू नका." मालकांनी पहिल्याच भेटीत अट घातली. विमान होतं पायपर जे-३ कब. पिवळं, कापडी पंखांचं, एकामागे एक दोन आसनं, नाकात ६५ एचपीचं (अश्वशक्तीचं) कॉन्टिनेन्टल ए-६५ इंजिन. भर उन्हाळ्यात दोघं बसले की धावपट्टीपलीकडची झाडं फार जवळून जातात, हे त्यांचं गाऱ्हाणं. ते खरंच होतं. तापलेली हवा विरळ असते; त्या हवेत पंखांनाही कमी मिळतं आणि इंजिनलाही.

जुन्या विमानात जास्त ताकदीचं इंजिन घालणं म्हणजे त्याचा जुनेपणा बाटवणं, असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. कबच्या कारखान्यानेच हे वर्षानुवर्षं केलं. १९३८ मध्ये ही जे-३ बाजारात आली ती ४० एचपीवर, मग ५०, मग ६५. १९४७ पर्यंत अशी वीस हजारांच्या आसपास विमानं बनली. आम्ही निवडलेलं सी-८५ हे ए-६५ चंच मोठं भावंड. सिलिंडरचा व्यास थोडा मोठा, ठेवण तीच. स्टार्टर नसलेला प्रकार घेतला, म्हणजे बॅटरी नको, वायरिंग नको, प्रोपेलर पूर्वीसारखा हातानेच फिरवायचा. कागदपत्रांचं कामही सरळ होतं, कारण या बदलासाठी एसटीसी, म्हणजे विमानाच्या मूळ रचनेत असा बदल करायला दिलेलं मान्यतापत्र, आधीपासूनच होतं.

मालकांची अपेक्षा मात्र मला आधीच जमिनीवर आणावी लागली. त्यांचा हिशोब असा की ताकद तीस टक्के वाढली म्हणजे वेगही तेवढाच वाढणार. तसं होत नाही. हवेचा विरोध असा वाढत जातो की वेग दुप्पट करायला ताकद आठपट लागते. तासाला १२० किलोमीटरने जाणारी कब पंच्याऐंशी एचपीवर फार तर १३० गाठते. खरी कमाई चढण्यात असते. समजा नुसतं सरळ उडत राहायला ३० एचपी खर्च होतात. पासष्टमधून ३५ उरतात, पंच्याऐंशीमधून ५५. विमान वर जातं ते या उरलेल्या ताकदीवर. झाडांचा प्रश्न इथे सुटतो.

इंजिन माउंटवर, म्हणजे ते धरणाऱ्या सांगाड्यावर, बसायला काहीच अडचण आली नाही. कार्ब्युरेटर बाहेरून जुन्यासारखाच, पण आतली हवेची निमुळती वाट (व्हेंच्युरी) आणि पेट्रोलचं बारीक भोक (जेट) पंच्याऐंशीसाठीचे. प्रोपेलरवर मालकांशी थोडी घासाघीस झाली, कारण त्यांना जुनाच ठेवायचा होता. सी-८५ आपले ८५ एचपी देतं ते २५७५ आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना. पासष्टचा प्रोपेलर २३०० च्या हिशोबाने निवडलेला. तो तसाच ठेवला तर एकतर इंजिन पूर्ण ताकदीला पोचणार नाही, नाहीतर ठरलेल्या आरपीएमच्या पुढे पळेल. शेवटी मान्य केलं त्यांनी. मग विमान तराजूंवर चढवून वजन आणि गुरुत्वमध्य नव्याने काढला. जे-३ मध्ये एकट्याने उडताना मागच्या आसनावर बसायचं असतं ते याच समतोलापायी. नाकात थोडंसं वजन वाढलं तरी ते कागदावर उतरलंच पाहिजे.

राहिली इंधनप्रवाहाची चाचणी. त्या सकाळी हँगरमध्ये सगळे खुशीत होते. इंजिन बसलं होतं, काउलिंग (इंजिनवरचं पत्र्याचं आवरण) पुसून चकचकीत झालं होतं, आणि मालक पायलटला घेऊनच आले होते.

या विमानात इंधनाचा पंप नाही. टाकी फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पडद्याच्या, मागे, पुढच्या माणसाच्या गुडघ्यांसमोर. ४५ लिटरची. पेट्रोल उतारानेच कार्ब्युरेटरकडे जातं. सरळ उडताना उतार बरा मिळतो, पण नाक वर उचललं की कार्ब्युरेटर टाकीच्या पातळीजवळ येतो आणि उतार कमी होतो. नेमकं तेव्हाच इंजिन सगळ्यात जास्त पीत असतं. म्हणून नियम असा, की विमान चढण्याच्या स्थितीत, टाकीत तळाला जेमतेम पेट्रोल असताना, टेकऑफला लागतं त्याच्या दीडपट इंधन कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पोचलं पाहिजे. पूर्ण ताकदीवर सी-८५ तासाला साधारण २८ लिटर घेतं. दीडपट म्हणजे ४२. मिनिटाला ७०० मिलिलिटर.

विमान बाहेर मोकळ्यावर घेतलं. पुढची चाकं रॅम्पवर चढवली, नाक हव्या त्या कोनात आणलं, अर्थिंगची तार लावली, दोन्ही बाजूंना अग्निशामक घेऊन माणसं उभी केली. कार्ब्युरेटरला जोडणारी नळी सोडून त्याच उंचीवर मोजपात्रात धरली. आधी टाकीचं झाकण काढून मोजलं, म्हणजे नळी, गाळणी आणि कॉक यांचा कस कळतो. मिनिटाला ७६० आले. शिकाऊ मुलाने वहीत लिहून खाली रेघही ओढली.

"झालं ना?" मालकांनी विचारलं.

"उडताना झाकण काढून ठेवता का?" मी विचारलं, आणि झाकण लावून पुन्हा नळी उघडली.

पहिल्या मिनिटाला ७४०. दुसऱ्याला ६१०. तिसऱ्याला ४७०. त्यानंतर धार बारीक होऊन ४२० वर थांबली. मुलाने गाळणी तुंबली असेल म्हणून ती उघडायला पाना घेतला. मी त्याला थांबवलं आणि झाकण सैल करायला सांगितलं. त्याने ते फिरवलं तसा सूं करून हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला आणि नळीची धार फुगली. कोणी काही बोलायची गरजच उरली नाही.

जे-३ चा इंधनमापक म्हणजे बुचाच्या तरंगावर उभी केलेली तार. ती झाकणातून वर डोकावते. पेट्रोल उतरतं तशी खाली जाते. इतकं साधं आणि इतकं खात्रीचं यंत्र मी क्वचितच पाहिलं आहे. टाकीत हवा शिरते तीही झाकणातूनच. इथे तारेभोवती कधीतरी एक घट्ट बुश बसवली होती, आणि हवेच्या भोकात रंगाचा थर जमला होता. बुशीचं कारण मालकांनाच माहीत होतं: तारेच्या फटीतून पेट्रोल उडून समोरच्या काचेवर डाग पडायचे.

"पण इतकी वर्षं उडतोय मी या झाकणावर," ते म्हणाले. "एकदाही इंजिन अडखळलं नाही."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पासष्टला पूर्ण ताकदीवर मिनिटाला ३५० च्या आसपास लागतात. ४२० मध्ये त्याचं भागत होतं. दीडपटीच्या नियमात ते तेव्हाही बसत नव्हतं, पण इंजिनला त्याची झळ कधी लागली नाही. पंच्याऐंशीला ४६० हून जास्त हवेत. पूर्ण थ्रॉटलवर नाक वर करून निघालेलं विमान पहिली दोन-तीन मिनिटं झकास चढलं असतं. मग कार्ब्युरेटरची वाटी रिकामी होत गेली असती, तीही झाडांच्या वर, पायाखाली धावपट्टी उरलेली नसताना. मी हे आकडे त्यांच्यासमोर वहीत मांडले. पायलट आमच्या शेजारीच उभा होता. त्याने हातातलं हेल्मेट गाडीत नेऊन ठेवलं.

त्या दिवशी उड्डाण झालं नाही. मूळ नमुन्याचं, हवेचं भोक मोकळं असलेलं झाकण मागवलं. ते येईपर्यंत सगळी इंधनवाहिनी मी पुन्हा तपासली. टाकीच्या तोंडाची जाळी, गॅसकोलेटर (पेट्रोलमधलं पाणी आणि गाळ अडवणारी वाटी), कॉकची भोकं, सगळं स्वच्छ होतं. नवं झाकण लावल्यावर मिनिटाला ७५० आले, आणि टाकी रिकामी होईपर्यंत धार टिकली.

पायलटने विमान नेलं ते झाडांच्या बरंच वरून. उतरल्यावर तेलाचं तापमान आणि आरपीएम लॉगबुकात चढवले. मालकांना आनंद झाला तो चढण्याचा. वेगाबद्दल त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

एका गोष्टीवर आमचं अजून पटलेलं नाही. टाकी तीच ४५ लिटरची आहे. पासष्टवर ती रमतगमत पावणेतीन तास पुरायची, आता सव्वादोन तासही जेमतेम. दीड तासाला उतरायचं, असं कार्ड मी तारेच्या मापकासमोर, पुढच्या पॅनेलवर लावलं आहे. मागच्या आसनावरून ते वाचता येत नाही, अशी त्यांची तक्रार आहे, म्हणून पुढच्या तपासणीला मोठ्या अक्षरातलं दुसरं लावणार आहे.