८.९ आणि गुळाची ढेप

माझं हिमोग्लोबिन ८.९ आलं, ही बातमी रिपोर्टच्या आधी आमच्या मंगळवार पेठेत फिरली. संध्याकाळपर्यंत ओट्यावर बीट, खजूर, अळीव आणि गुऱ्हाळावरून आणलेली गुळाची ढेप. आत्यांनी (सासूबाईंना आमच्याकडं आत्याच म्हणतात) माळ्यावरची लोखंडी कढई खाली काढली. आणि जो तो एकच म्हणतोय, "खाणं कमी पडतंय तुझं."

याचाच मला राग येतो. स्तनाच्या कॅन्सरची केमो चालू आहे. ती वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते, त्यात हाडांतल्या मगजातल्या रक्त तयार करणाऱ्या पेशीही सापडतात. पांढऱ्या पेशी आठ-पंधरा दिवसांत पडतात आणि सावरतात. तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस, म्हणून हिमोग्लोबिन हळूहळू उतरतं. सुरुवातीच्या डोसानंतर मी रंकाळ्यावर फिरून यायची, आता जिना चढताना मध्येच कठडा धरते. यात माझ्या ताटाचा काय दोष?

बिटाचं तर वेगळंच. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते 'लाल औषध', घेतल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. बिटानंही काहींची होते. मग नेमकं कशाला घाबरायचं ते तरी कळायला नको? शिवाय शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही.

डॉक्टरांनी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा किती ते दाखवतं) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर लोह किती चढलंय ते) करायला सांगितलं. फेरिटिन २४०, सॅच्युरेशन १४ टक्के. भाऊ म्हणाला, "लोह तर भरपूर आहे की!" तिथंच तर फसायला होतं. अंगात दाह असला की फेरिटिन वाढलेलं दिसतं. शिवाय यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं. त्यामुळं साठ्यातलं लोह बाहेर पडत नाही आणि आतड्यातून नवं नीट आत येत नाही. मार्केट यार्डात गोदाम गुळाच्या रव्यांनी भरलेलं, पण व्यापारी कुलूप काढायला तयार नाही, तसं. सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली म्हणजे रक्त बनवायला लोह पोचत नाहीये.

गोळ्यांनी मला नुसती बद्धकोष्ठता दिली. मग शिरेतून लोह दिलं, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, केमोचा दिवस सोडून. सलाईनमधून पाव तासात संपलं, नंतर अर्धा तास रिॲक्शन येते का बघत बसवून ठेवलं.

भावाच्या तालमीतली पोरं रक्त द्यायला दंड थोपटून तयार होती. पण बसल्या जागी धाप नाही, छातीत दुखत नाही, तर ८.९ ला रक्त चढवायची घाई नको, असं डॉक्टर म्हणाले. सहसा सात-आठच्या खाली तो विचार होतो. किडनीच्या पेशंटांना रक्त वाढायला देतात त्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनबद्दलही विचारलं. माझी केमो आजार पूर्ण बरा करायच्या हेतूनं चाललीय. अशांना ते सहसा देत नाहीत. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो, आणि काही अभ्यासांत कॅन्सरच बळावल्याचं दिसलं होतं.

जेवणाचं म्हणाल तर मटणातलं लोह पालेभाजीपेक्षा चांगलं लागू पडतं. पण ते फोडीत, रश्शात फारसं नाही, हे कोल्हापुरात सांगायचं म्हणजे भांडणच. तोंड आलंय म्हणून तांबडा बंद, पांढऱ्यावर भागवते. जेवणावर लगेच चहा नाही, लोह शोषायला तो आडवा येतो. आत्यांना हे अजून पटलेलं नाही. कप पुढं येतोच, मी तो तासाभरानं गरम करून घेते.